अश्वगंधेची पाटी

विद्या माणसाला निर्भय करते. आमच्या महाविद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य फूटभर उंचीच्या निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, आणि त्याच भिंतीला पाठ टेकून त्या दिवशी सकाळी आठ वाजता प्राचार्य हंगरगेकर स्वतःची नाडी मोजत उभे होते.

"अठ्ठावन्न," ते म्हणाले. "घोसाळकर, अठ्ठावन्न! काल शहाण्णव होती."

"वा, सर."

"वा काय वा? तुमचीच कृपा." कठड्यावर ठेवलेला स्टीलचा रिकामा पेला त्यांनी मला उचलून दाखवला. मिशीला साय लागलेली होती. "अश्वगंधा. दुधात उकळून. काल झोपताना एक पेला, आज उठल्यावर एक. चार महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपलो. छाती गप्प. जीभ तेवढी जरा जड लागतेय, आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतायत. पण औषध भिनताना एवढं व्हायचंच, नाही का?"

"कुठून आणलीत, सर?"

"कुठून म्हणजे? आपल्या बागेतली! कुंपणाकडेला तुमची पाटी नाही का? लिंबाजीला म्हटलं, खण. त्यानं खणली, मी मागच्या ओट्यावर उभा राहून बघितलं. तासाभरात तुकडे करून घरी आणून दिले बिचाऱ्यानं."

मी हसलो असणार, कारण प्राचार्यांनी विचारलं, "तुम्हाला बरं नाहीये का?"

आता एकतीस वर्षं झाली, सांगायला हरकत नाही. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र ठेवायचं तर औषधी वनस्पतींची बाग हवी आणि तीत निदान पन्नास जाती हव्यात, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. आमच्याकडे एकोणीस होत्या, त्यात तुळस दोनदा धरलेली होती. मी अठ्ठावीस वर्षांचा तात्पुरता अधिव्याख्याता. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला निरोप. ह्या वेळी विद्यापीठाच्या समितीने मान्यता टिकवली तर माझी जागा कायम होणार होती. काढली तर वनस्पतिशास्त्र आणि मी एकदमच बंद. म्हणून मी बसस्टँडवरच्या पेंटरकडून पत्र्याच्या बावन्न पाट्या रंगवून आणल्या आणि लिंबाजी माळ्याला बरोबर घेऊन, जिथे काही हिरवं दिसेल तिथे एकेक रोवत गेलो. समितीतला माणूस पाटी वाचतो, वाकून पान बघत नाही, हे मी आधीच्या तीन समित्यांवरून शिकलो होतो. कल्पना सर्वस्वी माझी. दुसऱ्या कुणाची असती तर मला ही गोष्ट जास्त मोकळेपणाने सांगता आली असती.

समितीचं पत्र आल्यापासून प्राचार्यांचा जीव घाबरा होत असे. त्यांनी उपाय करून बघितले नव्हते असं नाही. टाळूवर ब्राह्मीचं तेल थापून झालं. त्या काळातल्या त्यांच्या सहीच्या प्रत्येक कागदावर एक पारदर्शक डाग आहे. जटामांसीचा काढा झाला. केबिनमध्ये ओल्या गोधडीचा वास महिनाभर होता. शंखपुष्पीच्या सरबतात मुंग्या निघाल्या. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून उशीखाली वेखंडाचा तुकडा ठेवून झोपायला लागले, तर मान अवघडली. अशा परिस्थितीत मी स्टाफरूममध्ये 'मनःशांतीसाठी वनौषधी' ह्या विषयावर वीस मिनिटं बोललो. बाकीचे डुलक्या घेत होते. प्राचार्य लिहून घेत होते.

त्यांना "आलोच, सर" म्हणून मी बागेकडे निघालो. इमारतीचा कोपरा वळेपर्यंत चाललो, मग पळालो.

मागच्या कुंपणाला कण्हेरीची रांग होती. तारा ओढायच्या म्हणून दिवाळीत ती बुंध्यापासून छाटली होती आणि आता बुडख्यांना हातभर कोवळे धुमारे फुटले होते. मज्जासंस्थेची सगळी औषधं मी ह्याच रांगेला वाटून दिली होती. 'अश्वगंधा' ह्या पाटीला लागून ताजा खड्डा होता. खड्ड्याच्या काठावर कण्हेरीचा एक धुमारा उपटून टाकलेला, पानं अजून पुरती सुकलेली नव्हती. खालचं मूळ गायब होतं.

कण्हेर काय असते हे कळायला पदवी लागत नाही. शेळ्यासुद्धा तिला तोंड लावत नाहीत, आणि तिच्यामुळे गेलेल्या माणसांच्या गोष्टी गावोगाव सांगतात. माझ्याकडे पदवी होती म्हणून मला क्रमही माहीत होता. जीभ जड होते, मुंग्या येतात, नाडी मंदावते. डोळ्यांपुढे पिवळं दिसू लागतं. मग हृदयाचे ठोके मधले मधले गाळले जातात. मी हे परीक्षेत चार गुणांना लिहिलं होतं आणि मला साडेतीन मिळाले होते.

लिंबाजीला शोधलं. तो समितीसाठी हार आणायला पहिल्या एसटीने शहरात गेला होता.

मी खड्ड्यात हात घालून माती उकरत होतो. काय शोधत होतो देव जाणे. तेवढ्यात फाटकापाशी हॉर्न वाजला. समितीची जीप दीड तास आधी आली होती.

तिथून सरळ प्राचार्यांकडे जाऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मनाची समजूत घातली की खात्री नाही. मूळ उंदरानेही नेलं असेल. खात्री होती. एका माणसाचा जीव आणि माझी कायम नोकरी अशी दोन पारडी होती, आणि मी काटा स्थिर व्हायची वाट बघत जवळजवळ तासभर हिंडलो. ह्या सगळ्या प्रकरणात मला अजूनही लाज वाटते ती ह्या तासाची.

समितीत तिघे होते. दोघे ग्रंथालय तपासायला गेले आणि तिथल्या पंख्याखाली स्थिरावले. अध्यक्ष डॉ. सोनटक्के प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसले. ते वाणिज्य शाखेचे, अंगाने भारी, कमरेला मणक्याचा पट्टा.

"रस्ता आहे का काय आहे हो तुमचा?" ते म्हणाले. "अजून छातीत धडधडतंय माझ्या."

"धडधडतंय?" प्राचार्यांचा चेहरा उजळला. "सर, त्यावर आपल्याकडे रामबाण आहे!" आणि त्यांनी टेबलाखालून थर्मास काढला.

मी दारात होतो. "सर, ते दूध नासलंय."

"नासलं? अहो, मी सकाळीच प्यालो."

"वास येतोय, सर."

"अश्वगंधेला वास असतोच म्हणून तुम्हीच सांगितलंत की!" ते सोनटक्क्यांकडे वळले. "हे आमचे घोसाळकर. वनस्पतिशास्त्र. कोकणातले आहेत, जरा भित्रे आहेत, पण बाग बघा त्यांनी काय केलीय."

सोनटक्क्यांनी अर्धा पेला घेतला. तोंड वाकडं केलं. "कडसर लागतं हो."

"कडूच असते. काय, घोसाळकर?"

दोघेही माझ्याकडे बघत होते. "कडू असते, सर," मी म्हणालो.

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं. आता दोन माणसं झाली होती. एकाच्या वेळी मी निदान तिथे नव्हतो.

"सर, रेकॉर्डरूममध्ये एक मिनिट. फाईल सापडत नाहीये."

"कुठली फाईल?"

"महत्त्वाची आहे, सर."

रेकॉर्डरूमला खिडकी नव्हती. मी दार लावून घेतलं.

"सर, ती अश्वगंधा नाही."

"मग काय आहे?"

"कण्हेर."

"काहीतरीच. कण्हेरीची पाटी कुठाय तिथं?"

"कण्हेरीची पाटी नाहीये, सर. कण्हेर आहे."

त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटाकडे गेला. ओठ हलत होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो.

"चोपन्न," ते म्हणाले. "किती वेळ असतो?"

"पोटात किती गेलंय त्यावर आहे, सर."

"माझे दोन पेले. त्यांचा अर्धा." जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ते हळूच बसले. ते ओरडतील, माझ्या कानाखाली मारतील, म्हणून मी अंग आक्रसून घेतलं होतं. त्यांनी विचारलं, "सही झाली का?"

"कसली?"

"समितीच्या अहवालावर सोनटक्क्यांची सही. झाली का?"

"सर, आधी दवाखाना! ग्रामीण रुग्णालय चार किलोमीटरवर आहे. जीप दारात आहे."

"ऐका." त्यांचा आवाज इतका शांत होता की मला ओळखू येईना. "मी मेलो तर संस्था शोकसभा घेईल. दुसऱ्या दिवशी कॉलेज भरेल. पण बागेतल्या मुळानं अध्यक्ष दवाखान्यात गेले असं एकदा कागदावर आलं, की बागेची चौकशी होते. मान्यता जाते. पोरांचं वर्ष जातं. तुम्ही जाता, तुमच्या विभागातले सगळे जातात. सही होऊ द्या. सही झाली की मी स्वतः जीपमध्ये बसतो, त्यांनाही हाताला धरून बसवतो."

"आणि तोवर काही झालं तर?"

"तोवर कुणाला काही बोलायचं नाही. चार महिने ज्याला घाबरतोय ते आता पोटातच जाऊन बसलंय, घोसाळकर. आता काय घाबरायचं?"

ते उठले, सदरा झटकला आणि बाहेर गेले. फोनची घंटा वाजली तरी दचकणारा माणूस होता हा. त्यांना असा ताठ चालत जाताना बघून मला हुडहुडी भरली.

त्यानंतरची चाळीस मिनिटं मी अजूनही कधी कधी स्वप्नात बघतो. सोनटक्के बॅग उघडायचे, आतला कागद अर्धा वर काढायचे आणि काहीतरी आठवून परत आत सरकवायचे. त्यांनी पोहे खाल्ले. परत घेतले. थोरल्या मुलाच्या लग्नाची हकिकत सांगितली. मुलगी बँकेत होती, तिच्या मामाने कार्यालयाच्या तारखेवरून काय काय घोळ घातले तेही सांगितलं. प्राचार्य योग्य ठिकाणी हसत होते. त्यांचा एक हात टेबलाखाली दुसऱ्या मनगटावर होता. दुसऱ्या हाताने त्यांनी टोपण काढलेलं पेन तीन वेळा सोनटक्क्यांच्या बाजूला सरकवलं.

"करू की हो सही, घाई काय आहे?" सोनटक्के म्हणाले. "आधी बाग बघू. एवढं ऐकलंय."

"ऊन आहे, सर. आणि लांबही आहे."

"चालेन मी. तुमच्या औषधानं छाती हलकी झालीय. डोकं तेवढं जड वाटतंय."

मी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्य पेपरवेटकडे बघत होते.

बागेत सोनटक्के प्रत्येक पाटीपाशी थांबून नाव मोठ्याने वाचत होते. "अडुळसा. शतावरी. गुळवेल. छान. पुनर्नवा." वाकत नव्हते, माझा अंदाज तेवढा बरोबर होता. मागून प्राचार्य पाय ओढत येत होते, मानेवरून घाम उतरून कॉलर काळी झाली होती. प्रत्येक पाटीला मी मनात म्हणत होतो, ह्या पाटीला सांगतो. पाटी मागे पडत होती.

"'अश्वगंधा.' हीच का ती?" सोनटक्क्यांनी कुंपणाच्या खांबाला हात टेकला. कपाळ पुसलं. मग डोळे मिचकावत म्हणाले, "काय हो घोसाळकर, मला जरा पिवळं पिवळं दिसायला लागलंय."

परीक्षेतलं ते पान माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"सर, ही पाटी खोटी आहे."

"म्हणजे? नाव चुकलंय?"

"बावन्नपैकी तेहतीस पाट्या खोट्या आहेत, सर. मी लावल्यात. ही कण्हेर आहे, आणि सकाळी तुम्ही प्यायलात ते हिचंच मूळ आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

सोनटक्क्यांनी खाली वाकून बघायचा प्रयत्न केला, पट्ट्याने वाकू दिलं नाही. तसेच अर्धवट झुकलेले राहिले. त्यांचा चेहरा एखाद्या मुलाने रडायच्या आधी करावा तसा झाला.

"अर्धा तास," माझ्या मागून प्राचार्य पुटपुटले. "अर्धा तास कळ काढली असतीत."

जीपमध्ये सोनटक्क्यांनी माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. "माघात लग्न आहे हो," ते म्हणत होते. "मी सकाळी बी.पी.ची गोळीपण घेतलीय. चालतं का हो, दोन्ही एकदम चालतं का?" मला माहीत नव्हतं. पलीकडे प्राचार्य डोळे मिटून आकडे मोजत होते, आणि खड्डा आला की चुकून पुन्हा एकपासून सुरू करत होते. ते मोजायचे थांबले की मी श्वास धरायचो. परत "एक, दोन" ऐकू आलं की सोडायचो.

रुग्णालयात तरुण डॉक्टर होते. 'कण्हेर' हा शब्द ऐकल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. शेजारशेजारच्या खाटांवर एक प्राचार्य आणि एक अध्यक्ष आडवे झाले आणि दोघांच्या नाकातून नळ्या खाली गेल्या. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. नंतर हृदयाचा आलेख काढला. डॉक्टर तो लांबलचक कागद खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिले, आणि मी व्हरांड्याच्या टोकाला लोखंडी जाळी धरून पोलिसांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत बसलो. पहिलं वाक्य 'मी' पासून सुरू करायचं होतं. ते जमत नव्हतं.

दुपारी लिंबाजी आला. खांद्यावर ओलं पोतं, पोत्यात झेंडूचे हार.

"कॉलेजात कुनीच न्हाई, शिपाई म्हनला समदे दवाखान्यात," तो म्हणाला. "हार हितंच घालायचे का?"

"लिंबाजी! काल सरांना मूळ कसलं दिलंस तू?"

"अश्वगंधा. का?"

"खड्डा बघितलाय मी. कण्हेर उपटलीयस तू तिथली!"

"उपटली की. सायेब वट्यावर हुबं ऱ्हाऊन बगत व्हते, खांदावं तर लागंल. खांदलं तर कण्हेर. तिचं मूळ टाकलं उकिरड्यावर आन बाजारात जाऊन जडीबुटीवाल्याकडनं अश्वगंधा आनली. मानसाला कण्हेर पाजायला मी काय येडा हाय का, सर?"

मला बाकावर बसावं लागलं. "मग सांगितलं का नाहीस?"

"कुनाला? सायबाला?" त्याने पोतं खाली ठेवलं. "पाट्या तुमी लावल्या. चार लोकांत तुमची लाज काढू का?"

मी आत पळालो. डॉक्टर तेव्हा हात धूत होते. "दोघांचेही आलेख ठीक आहेत," ते म्हणाले. "पोटातून पोहे निघाले. मोठ्या साहेबांनी उन्हात चालायला नको होतं." मी त्यांना लिंबाजीची हकिकत सांगितली. त्यांनी हात पुसले, माझ्याकडे बघितलं, आणि तुमचीही नाडी बघू का, असं विचारलं.

खाटेवर प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. भिंतीकडे तोंड करून त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. थोड्या वेळाने पांघरुणाच्या आतून एक हात दुसऱ्या मनगटाकडे सरकताना दिसला. सोनटक्के संध्याकाळी जीपमध्ये बसून गेले. हार घेतले नाहीत.

पुढचे पंधरा दिवस मी बांधाबांध करण्यात घालवले. मान्यता जाणार हे नक्की होतं. आता प्रश्न फक्त फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो की नाही, एवढाच होता. रस्त्यात खाकी कपड्यांतला माणूस दिसला, मग तो पोस्टमन का असेना, की मी गल्ली बदलत असे. स्टाफरूममध्ये मी शिरलो की बोलणं थांबायचं. प्राचार्य मला बघून मान दुसरीकडे वळवत. त्यांची नाडी पुन्हा शहाण्णववर गेल्याचं शिपायाकडून कळलं.

सोळाव्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर विद्यापीठाचा लिफाफा फोडून ठेवलेला होता.

"वाचा," ते म्हणाले.

मी उभ्यानेच वाचलं. अक्षरं हलत होती. वनस्पतिशास्त्राची मान्यता तीन वर्षांसाठी कायम. ग्रंथालय: पुरेसे. प्रयोगशाळा: पुरेशी. औषधी वनस्पती उद्यान: समितीने प्रत्यक्ष पाहिले, समाधानकारक.

माझे डोळे भरून आले. ज्या माणसाच्या नाकात माझ्यामुळे नळी गेली, त्याने पोटात घालून हे लिहिलं होतं. "सर," मी म्हणालो, "सोनटक्के सर फार मोठ्या मनाचे."

प्राचार्यांनी हात लांब करून कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे सोनटक्क्यांची सही होती आणि सहीखाली त्यांच्याच अक्षरात तारीख होती.

समिती आमच्याकडे बुधवारी आली होती. तारीख आदल्या दिवसाची, मंगळवारची होती.